पेडल सगळं सांगत नाही: जुन्या ट्रकचे ब्रेक लायनर बदलताना आत काय चालतं

बाइकचा ब्रेक झिजला की हाताला कळतं. लिव्हर आधीपेक्षा जास्त आत जातो, मग आपण मागच्या चाकाजवळचा नट दोन आटे फिरवतो आणि विषय संपतो. डिस्क असेल तर पॅड संपताना चिर्र आवाज येतो. म्हणजे दुचाकीचा ब्रेक आपल्याशी बोलतो.

एअर ब्रेकच्या जुन्या ट्रकचं तसं नाही. लायनर नवा असताना पेडल जसं दाबलं जातं, तसंच तो संपत आल्यावरही दाबलं जातं. पायाला वेगळं काही लागत नाही. गाडी थोडी उशिरा थांबते, पण रोज तीच गाडी चालवणाऱ्याला त्याचीही सवय होते. मग एखाद्या दिवशी उतारावर गाडी थांबतच नाही आणि बातमीत दोन शब्द येतात: ब्रेक फेल. ऐकायला असं वाटतं की काहीतरी अचानक तुटलं. बहुतेक वेळा तसं नसतं. एक आकडा काही आठवडे हळूहळू वाढत असतो आणि तो कोणी मोजलेला नसतो. हा आकडा कुठला, तो कसा वाढतो आणि पट्टी, खडू आणि फोन घेऊन तो कसा मोजायचा, हे या लेखात पाहू.

मी हे बघितलं ते उमरेडला. नागपूरहून दिघोरी नाक्यावरून निघून पाचगाव ओलांडलं की पुढे लागणारं हे गाव वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींसाठी ओळखलं जातं. इथल्या रस्त्यावर कोळशाचे, गिट्टीचे, मुरमाचे ट्रक दिवसरात्र असतात आणि त्यातले बरेच वयस्क असतात. माझ्या मामांकडे असाच एक जुना दहा चाकी टाटा २५१५ आहे. (या नावात माहिती दडलेली असते. पहिले दोन आकडे म्हणजे मालासह एकूण वजन टनांत, पुढचे दोन म्हणजे ताकद, साधारण दहा हॉर्सपॉवरच्या हिशोबात. म्हणजे २५ टन आणि दीडशेच्या आसपास हॉर्सपॉवर. १६१३ पण असंच वाचायचं.) पावसाळ्याआधी त्याच्या मागच्या एका एक्सलचे लायनर बदलायचं काम निघालं. मी कोड लिहून पोट भरतो, पाना धरून नाही. पण दोन दिवस मिस्त्रींच्या शेजारी बसून टॉर्च धरली, फोटो काढले आणि प्रश्न विचारून त्यांचं डोकं खाल्लं.

पेडल म्हणजे स्क्रीनवरचं बटण

मामांचा पहिला प्रश्न अगदी रास्त होता. "पेडल तर बरोबर लागून राहिलं ना, मंग काहून उघडतो?"

मिस्त्री म्हणाले, "पेडल काय सांगते भाऊ? पेडल तर फक्त हवेले सांगते."

यात सगळं आलं. कारमध्ये तुमचा पाय आणि ब्रेक पॅड यांच्यामध्ये तेल असतं, म्हणजे पायाचा जोर तेलातून थेट पॅडपर्यंत जातो आणि पॅडकडची गडबड पायापर्यंत परत येते. पूर्ण एअर ब्रेकच्या ट्रकमध्ये पेडल हा फक्त एक व्हॉल्व्ह असतो. इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर हवा दाबून टाक्यांत भरतो. पेडल दाबलं की टाकीतली हवा पाइपातून चाकांकडे जाते. पायाला जो विरोध जाणवतो तो मुख्यतः व्हॉल्व्हच्या आत बसवलेल्या रबराचा किंवा स्प्रिंगचा. फोनवर 'पाठवा' बटण दाबलं की बोटाला कंप जाणवतो, पण मेसेज पोचला की नाही हे त्या कंपावरून कळतं का? तसंच आहे हे. पेडलचा फील म्हणजे तो कंप. डिलिव्हरीची खूण नाही.

हवेला पोचायला वेळही लागतो. अमेरिकेच्या मानकानुसार पेडल दाबल्यापासून ट्रकच्या ब्रेक चेंबरमध्ये ठरावीक दाब ०.४५ सेकंदाच्या आत तयार व्हायला हवा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तेवढ्या वेळात साडेसात मीटर जाते, आणि ब्रेक अजून नीट लागलेला नसतो. पुढच्या वेळी ट्रकच्या पुढे स्कूटी आडवी घालताना एवढं लक्षात ठेवा.

एका ब्रेकमध्ये किती मोबाइल?

ब्रेक गाडी थांबवतो म्हणजे गाडीच्या गतीची उष्णता करतो. किती? २५ टन, ताशी ६० किलोमीटर. अर्धं गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, बारावीचं सूत्र. उत्तर येतं साधारण ३५ लाख ज्यूल. तुमच्या फोनची ५००० एमएएचची बॅटरी पूर्ण भरली की तिच्यात साधारण ७० हजार ज्यूल असतात. म्हणजे भरलेला ट्रक एकदा पूर्ण थांबवला की पन्नास फोनच्या भरलेल्या बॅटऱ्यांएवढी ऊर्जा काही सेकंदांत ड्रम आणि लायनर यांच्यात ओतली जाते. दुसऱ्या हिशोबाने, अकरा लिटर गार पाणी उकळायला जेवढं लागेल तेवढी.

वेगाचा वर्ग असल्यामुळे ६० ऐवजी ४० ने आलात तर हीच ऊर्जा निम्म्याहून कमी होते. ओव्हरलोड मात्र सरळ गुणोत्तरात भरतो. पाच टन जास्त टाकले तर ब्रेकला वीस टक्के जास्त काम. हे मामांना आकड्यांत सांगितल्यावर ते गप्प बसले. पटलं म्हणून की रेट आठवला म्हणून, ते मला माहीत नाही.

चाकाच्या आत

मागच्या चाकाजवळ वाकून बघितलं तर गोल डब्यासारखं काहीतरी दिसतं. गॅरेजवर त्याला बूस्टर म्हणतात, पुस्तकात ब्रेक चेंबर. आत रबराचा पडदा असतो. हवा आली की पडदा एक लोखंडी रॉड बाहेर ढकलतो. रॉड एका आखूड हाताला जोडलेला असतो, तो स्लॅक अ‍ॅडजस्टर, बोलताना नुसता स्लॅक. स्लॅक एक शाफ्ट फिरवतो. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला, ड्रमच्या आत, इंग्रजी 'एस' अक्षरासारखा कॅम असतो. कॅम फिरला की दोन ब्रेक शू फाकतात आणि त्यांच्यावर रिव्हेटने ठोकलेले लायनर फिरत्या ड्रमला आतून घासतात. बस, एवढंच.

आता आकडे, कारण मुद्दा आकड्यांतच आहे. ट्रकवर सर्रास दिसणाऱ्या '३०' नंबरच्या चेंबरचं काम करणारं क्षेत्रफळ ३० चौरस इंच असतं. १०० पीएसआय, म्हणजे जवळपास ७ बार दाबाची हवा आली की रॉडवर ३००० पौंड, म्हणजे तेराशे किलोपेक्षा जास्त जोर येतो. एका चाकाला. पायाने एवढा जोर कोण लावणार? हवेचा फायदा हाच.

पण ही ताकद फुकट मिळत नाही, अंतराच्या बदल्यात मिळते. स्लॅकची लांबी सहा इंच आणि कॅमची परिणामी त्रिज्या अर्धा इंच धरली तर गुणोत्तर बाराचं. कॅमच्या टोकाला शू एक मिलिमीटर सरकायचा असेल तर रॉडला बारा मिलिमीटर बाहेर यावं लागतं. आणि '३०' नंबरच्या साध्या चेंबरमध्ये रॉड एकूण येऊन येणार किती? अडीच इंच, म्हणजे ६४ मिलिमीटर. त्यानंतर आतली पाटी डब्याच्या तळाला टेकते. मग टाकीत कितीही हवा असो, ती डब्यालाच ढकलत बसते, लायनरला नाही.

लायनर झिजला की ड्रम आणि लायनर यांच्यातली फट वाढते आणि ती भरायला रॉडला जास्त लांब यावं लागतं. हाच तो आकडा: रॉड किती बाहेर येतो. याला स्ट्रोक म्हणतात. तिकडच्या तपासणीत '३०' नंबरच्या साध्या चेंबरला स्ट्रोकची मर्यादा दोन इंच, म्हणजे ५१ मिलिमीटर धरतात. '२४' नंबरला पावणेदोन इंच, ४५ मिलिमीटर. नंबर चेंबरवरच उठवलेला असतो. लाँग स्ट्रोक प्रकारच्या चेंबरची मर्यादा वेगळी असते, त्यामुळे आधी नंबर आणि प्रकार बघायचा, मग आकडा.

६४ पर्यंत जागा असताना मर्यादा ५१ का? कारण शेवटच्या टप्प्यात पडद्याचा जोर झपाट्याने पडतो. आणि दुसरं कारण जास्त भारी आहे. ड्रम तापला की फुगतो. चारशे मिलिमीटर व्यासाचा ओतीव लोखंडाचा ड्रम तीनशे अंशांनी तापला तर व्यास सव्वा मिलिमीटरपेक्षा जास्त वाढतो. ड्रम लायनरपासून लांब पळतो म्हणा ना. बाराच्या गुणोत्तराने हा हिशोब रॉडपर्यंत आणला की स्ट्रोक दहा ते पंधरा मिलिमीटर वाढतो. म्हणजे गॅरेजमध्ये गार ब्रेकवर ४८ मोजलेला, 'चालतंय ना' म्हणून सोडलेला स्ट्रोक लांब उतारावर ६० च्या पुढे जातो. सकाळी ब्रेक छान लागतो, घाटात लागत नाही, आणि पेडल दोन्हीकडे सारखंच.

नागपूर–उमरेड रस्ता तसा सपाट आहे, घाट नाही. म्हणूनच अशा ट्रकचा वाढलेला स्ट्रोक इथे महिनोन्‌महिने लपून राहू शकतो. तोच ट्रक एखादं भाडं मिळालं म्हणून पुण्याकडे गेला की परीक्षा होते.

चाक उघडताना

आधी गाडी रिकामी, सपाट जागेवर, बाकीच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. जॅकवर उचलायची, पण काम घोडीवर ठेवूनच करायचं, नुसत्या जॅकवर कधीच नाही.

मागच्या एक्सलला दुहेरी बूस्टर असतो. मागच्या अर्ध्या डब्यात एक जाड स्प्रिंग प्रचंड जोराने दाबून बसवलेली असते. टाकीत हवा असेपर्यंत ती दबून राहते. हवा गेली की ती उसळून स्वतःच ब्रेक लावते. पार्किंग ब्रेक म्हणून आपण जी नॉब ओढतो ती हीच हवा सोडते. कल्पना जुनी आहे. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ मध्ये रेल्वेसाठी एअर ब्रेकचं पेटंट घेतलं, तेव्हा हवा आली तर ब्रेक लागायचा आणि पाइप फुटला तर ब्रेकच नाही. पुढच्या काही वर्षांत त्याने ते उलटं केलं, हवा गेली की ब्रेक लागणार. बिघाड झाला तर सुरक्षित बाजूला पडायचं, हे आम्ही सॉफ्टवेअरमध्ये आज मोठ्या नावांनी शिकवतो.

काम करताना मात्र हीच स्प्रिंग जिवावर उठते. चाक उघडण्याआधी खास बोल्ट लावून तिला दाबून बांधून ठेवतात. त्या मागच्या डब्याची पट्टी सोडायची नाही, हातोडी मारायची नाही, यूट्यूब बघून तर अजिबात नाही. सुटलेली स्प्रिंग आणि झाकण माणूस मारू शकतात. आमच्या मिस्त्रींनी खूप गोष्टी मला करू दिल्या. तिथे हात लावू दिला नाही.

मग स्लॅक उलटा फिरवून शू सैल करायचे, टायर काढायचे आणि ड्रम ओढायचा. काही गाड्यांत ड्रम एकटा निघतो, काहींत हबसकट काढावा लागतो. आमच्याकडे ड्रम निघाल्यावर आतून काळी पूड पडली. लायनरची पूड, कोळशाची धूळ, वाळलेला चिखल. शेजारच्या पोराने सवयीने हवेचा पाइप उचलला. मिस्त्री ओरडले आणि ओल्या फडक्याने पुसायला लावलं. हे महत्त्वाचं आहे. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याच्या बारीक तंतूंनी कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने स्पष्ट सांगितलेलं आहे. लायनर बघून त्यात काय आहे ते कळत नाही. हवा मारली की ते सगळं छातीत. ओलं फडकं आणि चांगला मास्क, एवढा खर्च परवडतो.

डाव्या चाकाचा लायनर एका बाजूने रिव्हेटपर्यंत आला होता. नवा लायनर साधारण पंधरा-वीस मिलिमीटर जाड असतो. अमेरिकेच्या नियमात मागच्या चाकांच्या अशा लायनरला शूच्या मध्यावर ६.४ मिलिमीटर ही शेवटची हद्द आहे. रिव्हेट ड्रमला लागले की ते ड्रमवर खाचा पाडतात आणि मग फक्त लायनरवर भागत नाही. इथे तेच झालं होतं, ड्रमवर बोटाच्या नखाला अडकेल अशी गोल रेघ.

उजव्या चाकाचा लायनर मात्र अर्ध्याहून जास्त शिल्लक. मामांचे डोळे चमकले. "मंग एकच बाजू टाकू ना!"

एक चाक की दोन?

दुकानात, गॅरेजवर, सगळीकडे होणारा हा वाद आहे आणि मला यात मिस्त्रींचीच बाजू बरोबर वाटते. एका एक्सलची दोन्ही चाकं एकत्रच करायची.

नव्या आणि जुन्या लायनरची पकड सारखी नसते. एका बाजूचा ब्रेक जास्त धरला तर गाडी तिकडे ओढते, ओल्या रस्त्यावर मागून फिरते. आणि जास्त धरणारी बाजू जास्त तापते, म्हणून लवकर झिजते. पैसे वाचत नाहीत, फक्त पुढे ढकलले जातात. शिवाय लायनर बदलण्याच्या खर्चात मोठा भाग चाक उघडण्याच्या मजुरीचा आणि गाडी उभी राहिल्याच्या दिवसाचा असतो. तो दोनदा कशाला भरायचा?

पण त्याआधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा: डावाच का झिजला? तो न विचारता नवा लायनर ठोकणं म्हणजे अ‍ॅप क्रॅश होतंय म्हणून फोन रीस्टार्ट करणं. कारणं मोजकी असतात. शू परत खेचणारी स्प्रिंग थकलेली, कॅमचा शाफ्ट बुशमध्ये जाम, रोलर फिरत नाही, किंवा स्लॅक जास्त आवळलेला. यातलं काहीही असलं तर पाय काढल्यावरही लायनर ड्रमला घासत राहतो. आमच्याकडे कॅम शाफ्ट हाताने फिरेना. खाणीच्या रस्त्याची धूळ आणि पावसाळ्यातला चिखल बुशमध्ये जाऊन ग्रीसचा दगड झाला होता. उजवीकडचा बोटाने फिरत होता. बुश बदलला, ग्रीस भरलं, स्प्रिंगा दोन्हीकडच्या नव्या घातल्या. स्प्रिंगची किंमत लायनरपुढे काहीच नाही, पण नेमकी तीच वाचवली जाते.

हबचं ऑइल सीलही बघायचं. ते गळत असेल तर नव्या लायनरवर तेल येतं. तेल प्यायलेला लायनर पुसून, जाळून, पेट्रोलने धुऊन परत वापरताना मी पाहिलंय. वापरू नये. वरचं तेल जातं, आत मुरलेलं जात नाही आणि तापल्यावर ते पुन्हा वर येतं.

ड्रमचं काय? ड्रमवर कुठेतरी जास्तीत जास्त व्यासाचा आकडा ओतलेला असतो. गंजाखाली असतो, वायर ब्रश मारून फोनची टॉर्च तिरकी धरली की वाचता येतो. लेथवर आतून घासून रेघ काढता येते, पण व्यास त्या आकड्याच्या आत राहणार असेल तरच. पातळ ड्रममध्ये उष्णता साठवायला लोखंड कमी, म्हणून तो लवकर तापतो, जास्त फुगतो, आणि स्ट्रोकचं गणित पुन्हा बिघडतं. निळसर डाग किंवा आरपार गेलेली चीर दिसली तर ड्रम भंगारात. आमच्या डाव्या ड्रमची रेघ काढायला गेलो असतो तर आकडा ओलांडला असता. नवा घेतला. मामांनी त्या दिवशी जेवताना कोणाशी बोलणं केलं नाही.

लायनर घेताना कडेला काय छापलंय ते वाचा

चांगल्या लायनरच्या कडेवर एक लांब कोड असतो. त्यात 'एफएफ', 'ईएफ' अशी दोन इंग्रजी अक्षरं मिळतात. पहिलं अक्षर साध्या तापमानाला पकड किती, दुसरं तापल्यावर किती. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५, 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तो लायनर तापल्यावर पकड सोडतो असं समजा. ही अक्षरं टिकाऊपणाची हमी नाहीत, फक्त घर्षणाची जात सांगतात. पण एका एक्सलवर चारही शूंना एकच कोड हवा, एवढं तरी यातून तपासता येतं. आम्हाला एका दुकानात नामांकित कंपनीसारखा दिसणारा खोका दाखवला, आत लायनरवर कोडच नव्हता. स्वस्त होता. नाही घेतला.

लायनर शूवर ठोकताना मधल्या रिव्हेटपासून सुरुवात करून कडांकडे जायचं, म्हणजे लायनर शूला घट्ट चिकटून बसतो. उलट केलं तर मध्ये फुगा राहतो. तिथे लायनर हलतो आणि तडकतो. शूची पाठ गंजलेली असेल तर आधी घासून साफ. मिस्त्री प्रत्येक रिव्हेटनंतर लायनर आणि शूच्या मध्ये कागदाचा तुकडा सरकवून बघत होते. कागद गेला तर रिव्हेट परत.

स्ट्रोक मोजायला फोन

सगळं बसवल्यावर जुन्या, हाताने लावायच्या स्लॅकचं अ‍ॅडजस्टमेंट. चाक उचललेलं असताना स्लॅकचा नट फिरवत जायचं, लायनर ड्रमला टेकला की थांबायचं आणि पाव ते अर्धा आटा मागे घ्यायचं. चाक हाताने मोकळं फिरलं पाहिजे.

बरेच जण इथे थांबतात. मोजत नाहीत. मोजणं असं: गाडी खाली, चाकांना ठोकळे, टाकीत ६ ते ७ बार हवा, इंजिन बंद, पार्किंग ब्रेक सोडलेला. रॉड चेंबरमधून जिथे बाहेर येतो तिथे खडूची खूण. एकाने केबिनमध्ये पेडल पूर्ण दाबून धरायचं, दुसऱ्याने खूण किती बाहेर आली ते स्टीलच्या पट्टीने मोजायचं. गाडीखाली हात असलेल्याला विचारल्याशिवाय केबिनमधल्याने काहीही हलवायचं नाही.

फोनचा उपयोग इथे खरा होतो. पट्टी रॉडला समांतर धरून व्हिडिओ काढला तर आकडा नंतर थांबवून वाचता येतो, आणि तारखेसह पुरावा राहतो. स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० फ्रेम, एक फ्रेम म्हणजे साधारण चार मिलिसेकंद. एका एक्सलची डावी-उजवी बाजू दोन फोनवर घेतली, आणि पेडल दाबताना ड्रायव्हरने मोठ्याने 'हो' म्हटलं, तर कुठली बाजू उशिरा हलते तेही अंदाजे दिसतं. याला कुठलंही अ‍ॅप लागत नाही. नोट्समध्ये तारीख, किलोमीटर आणि प्रत्येक चाकाचा आकडा लिहिला की झालं. एका वेळचा आकडा फारसं सांगत नाही, तो महिन्याला किती वाढतोय ते सांगतं. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीचं फिटनेस दरवर्षी होतं, पण भरून चालणाऱ्या ट्रकच्या लायनरला वर्षभर थांबायची सवय नसते.

नव्या ट्रकवर स्लॅक आपोआप फट भरून काढतो आणि एबीएसही असतो. तरी दोन गैरसमज नकोत. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, लायनर किती उरलाय हे त्याला माहीत नसतं. आणि ऑटोमॅटिक स्लॅक असूनही स्ट्रोक वाढला असेल तर स्लॅक किंवा बुश बिघडलेला आहे. तो हाताने आवळून दिला की आकडा दोन दिवस चांगला दिसतो आणि खरा बिघाड झाकला जातो.

'ब्रेक फेल' म्हणण्याआधी

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका अवजड मालवाहू गाडीने पुढच्या कितीतरी गाड्यांना एकामागून एक उडवलं. सुरुवातीच्या बातम्या ब्रेक फेलच्याच होत्या. नंतर प्राथमिक तपासात पुढे आलं की डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती. वर सांगितलेलं सगळं आठवा. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. प्रत्येक वेळी पेडल दाबलं की टाकीतली थोडी हवा खर्च होते आणि नवी येत नाही. इंजिनाचा स्वतःचा रोधही गेला, म्हणून सगळा भार लायनरवर. ते तापतात, ड्रम फुगतो, स्ट्रोक वाढतो, आणि वाढलेला स्ट्रोक दर दाबण्याला आणखी जास्त हवा खातो. अशा वेळी स्ट्रोक आधीच ५० ला टेकलेला ट्रक आणि ३८ वर असलेला ट्रक यांच्यात जो फरक पडतो, तो पेडलवरून कोणालाही सांगता येणार नाही.

नवा लायनर लावल्यावर पहिले काही दिवस तो ड्रमला पूर्ण टेकत नाही, दोघांची गोलाई जुळायला वेळ लागतो. तोवर हलका माल, लांबून मध्यम ब्रेक, कचकन थांबवणं नाही. पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा आवळायचे. आणि लायनर बसल्यावर फट थोडी वाढतेच, म्हणून स्ट्रोक परत मोजायचा. मामांच्या ट्रकचा काम झालं त्या दिवशी डावा ३७, उजवा ३६ आला होता. आठ दिवसांनी मामांनी स्वतः पट्टी धरून काढलेला व्हिडिओ पाठवला: डावा ४२, उजवा ४१. दोन्ही बाजू बरोबरीने वाढल्या होत्या, म्हणजे बुश मोकळा होता. मिस्त्रींनी दोन्ही स्लॅक थोडे आवळून परत ३७ वर आणले.